वैयक्तिक गोपनीयता आणि व्हीपीएन : त्र्यंबकेश्वर येथील यात्रेकरूंच्या संदर्भात

प्रस्तावना :
बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक व गोदावरीचे उगमस्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्र्यंबकेश्वरी यात्रेकरूंची नोंद ठेवण्याची परंपरा जुनी आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये यजमानाचे नाव, मूळ गाव व पिढ्यांची नामावळी आढळते. ही माहिती यजमान स्वतः सांगतो आणि ती कोणापाशी आहे हेही त्यास ठाऊक असते. आज तोच यजमान नारायण-नागबळी किंवा त्रिपिंडी श्राद्धाची चौकशी, निवासाची नोंदणी व पैशांचा भरणा मोबाईलवरून करतो. या व्यवहाराची नोंद कोणकोणत्या वहीत होते, याची त्यास कल्पना नसते. संततीसाठी वा पितृदोषनिवारणासाठी केलेली चौकशी ही कुटुंबाची अत्यंत खाजगी बाब होय. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येत असल्याने हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सदर लेखात व्हीपीएन या साधनाचे स्वरूप, मर्यादा व निवडीचे निकष यांचा विचार केला आहे.

संकल्पना व कार्यपद्धती :
व्हीपीएन म्हणजे ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’, अर्थात आभासी खाजगी जाळे. यात्री निवासातील वाय-फाय वापरताना ग्राहकाची प्रत्येक मागणी प्रथम त्या वाय-फायच्या चालकाकडून व पुढे इंटरनेट कंपनीकडून जाते. आज बहुतेक संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ पद्धतीने माहिती सांकेतिक रूपात पाठवतात. त्यामुळे पासवर्ड किंवा पानावरील मजकूर मधल्यांना वाचता येत नाही. मात्र कोणते संकेतस्थळ पाहिले हे सामान्यतः कळू शकते. व्हीपीएन सुरू केल्यास सर्व माहिती सांकेतिक होऊन प्रथम व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून पुढे संकेतस्थळाकडे पोहोचते. परिणामी वाय-फाय चालकास केवळ व्हीपीएनची जोडणी दिसते, तर संकेतस्थळास ग्राहकाऐवजी त्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो.

मर्यादा :
येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. व्हीपीएनमुळे नोंद नाहीशी होत नाही, तर वही दुसऱ्याच्या हाती जाते. जे पूर्वी इंटरनेट कंपनीस दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीस दिसते. ‘ओनाव्हो’ हे याचे बोलके उदाहरण होय. फेसबुकने २०१३ साली घेतलेले हे मोफत व्हीपीएन माहितीचे रक्षण करणारे म्हणून पुढे केले गेले. प्रत्यक्षात त्यातून वापरकर्त्यांच्या सवयींची माहिती व्यापारी कारणासाठी गोळा होत असे. २०१८ मध्ये ते ॲपलच्या ॲप स्टोअरवरून हटले आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने संबंधित कंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

तसेच बनावट संकेतस्थळावर पूजेचे पैसे भरल्यास किंवा कोणास ओटीपी सांगितल्यास व्हीपीएन संरक्षण देऊ शकत नाही. गुगल वा फेसबुकवर स्वतःच्या खात्याने प्रवेश केल्यावर त्या कंपन्यांपासून ओळख लपत नाही.

कायदेशीर स्थिती :
२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. दुसरीकडे, सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क क्रमांक व दिलेले आयपी पत्ते किमान ५ वर्षे जतन करणे बंधनकारक झाले. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. भारतात व्हीपीएनच्या वापरावर सरसकट बंदी नाही. तथापि जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी मनाईचे आदेश काढले आहेत. व्हीपीएनआडून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो.

निवडीचे निकष :
१) कंपनीचा मालक कोण व ती कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते, हे स्पष्ट असावे.
२) ‘नोंदी ठेवत नाही’ या दाव्याची त्रयस्थ संस्थेकडून तपासणी झालेली असावी व तिचा अहवाल उपलब्ध असावा.
३) वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन यांसारखी, सर्वांस तपासता येणारी प्रणाली असावी, जुनी पीपीटीपी प्रणाली टाळावी.
४) जोडणी तुटताच इंटरनेट थांबवणारी ‘किल स्विच’ ही सोय असावी.
५) मोफत सेवेचा खर्च कोठून भागतो याचा शोध घ्यावा. उत्तर न मिळाल्यास ग्राहकाची माहिती हीच किंमत असण्याचा संभव असतो.
६) संपर्कयादी, छायाचित्रे यांची परवानगी मागणारे ॲप नाकारावे.

निष्कर्ष :
व्हीपीएन हे विश्वासाचे स्थलांतर करणारे साधन आहे. अनोळखी वाय-फायवर ते उपयुक्त ठरते. मात्र स्वतःच्या मोबाईल डेटावरून, पत्ता नीट तपासून केलेला व्यवहार अनेकदा तेवढाच पुरेसा असतो. ज्याच्या हाती वही द्यावयाची त्याची पारख करूनच ती द्यावी, हा तीर्थक्षेत्रातील जुना व्यवहार नव्या माध्यमातही तितकाच लागू पडतो.