गाडी नवी, तक्रार तोंडी

मी येडशीहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणींची माझी ओळख आहेच.

आपण बैठकीत वीस रुपयांचा दंडसुद्धा वहीत लिहितो. कोण उशिरा आलं, कुणाचा हप्ता राहिला, व्याज किती झालं, सगळं लिहून खाली सह्या घेतो. पण त्याच आपण, पाच लाखांची गाडी बिघडली की गॅरेजवर जातो, तोंडाने सांगतो, पैसे मोजतो आणि घरी येतो. हातात एक चिठ्ठीही नसते. आज मला यावरच बोलायचं आहे.

गाडीचा विषय बायकांचा कसा, असं कुणी म्हणेल. आता तो आपलाही झालाय. आपल्या येडशीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, बार्शी आणि लातूरकडे जाणारा रस्ताही इथूनच. माल नेण्या-आणण्याचा धंदा इथं चालतो. म्हणून गटाचं किंवा बँकेचं कर्ज काढून कुणी लहान टेम्पो घेतला, कुणी रिक्षा, कुणी सात-आठ माणसं बसतील अशी गाडी. कागदावर नाव बाईचं असतं, म्हणजे हप्त्याची जबाबदारीही बाईचीच.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगते. तिने सव्वापाच लाखांचा नवा लहान टेम्पो घेतला. गाडी नवरा चालवतो. माल भरणं, आठवडी बाजारात भाजी विकणं आणि हिशेब हे तिचं काम. महिन्याचा हप्ता नऊ हजार चारशे. चौथ्या महिन्यात बार्शीहून येताना घाटाच्या चढाला गाडी ओढेना. इंजिन ओरडतंय, गाडी पुढं सरकत नाही आणि जळका वास येतोय. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली. ते म्हणाले, क्लच प्लेट जळाली, ती वॉरंटीत येत नाही, तुमचा ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतो. पैसे भरले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा पैसे. दोन्ही वेळेला हातात आली ती साध्या कागदावरची बेरीज.

तिसऱ्या वेळी घरात भांडण लागलं. सासू म्हणे पोराला गाडी चालवता येत नाही, नवरा म्हणे गाडीच खराब आहे. गाडी आठ दिवस उभी, बाजार बुडाला आणि हप्त्याची तारीख आली. गाडी बंद पडते, हप्ता बंद पडत नाही. तिने गटाकडे उसने मागितले. तिच्यामागे शेळ्यांसाठी कर्ज मागणाऱ्या दोघी रांगेत होत्या, त्यांना थांबावं लागलं. एका घरच्या गाडीचा बिघाड असा सगळ्या गटाच्या पेटीपर्यंत येतो.

तेव्हा मी तिच्यासोबत वर्कशॉपला गेले. गाडीतलं मला काही कळत नाही, पण लिहून घ्यायचं कळतं. आम्ही दोनच गोष्टी मागितल्या. एक, जॉब कार्डाची प्रत. दुसरी, काढलेली जुनी प्लेट. ज्या पार्टचे पैसे आपण भरले, तो जुना पार्ट मागायला लाजायचं काही कारण नाही. त्यांनी कुरकुर केली, पण दिली.

ती प्लेट पिशवीत घालून आम्ही गावातल्या एका जुन्या मिस्त्रीला दाखवली. त्याने बोट फिरवून बघितलं. प्लेट ऑइलने माखलेली होती. क्लच प्लेट कोरडी असते, घर्षणावर काम करते. तिच्यावर ऑइल आलं की ती घसरते, घसरली की तापते आणि जळते. तो म्हणाला, इंजिनच्या मागचं ऑइल सील गळतंय, सील न बदलता प्लेटा बदलत राहिलात तर दर दोन महिन्यांनी हेच होणार.

मैत्रिणींनो, यातला फरक नीट ध्यानात घ्या. वापरून झिजणारे भाग, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, वायपरचं रबर, बल्ब, हे बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. पण ते भाग दुसऱ्या एखाद्या सदोष भागामुळे वेळेआधी खराब झाले, तर प्रश्न त्या मूळ भागाचा असतो. म्हणून वर्कशॉपला “काय खराब झालं?” एवढंच विचारून थांबू नका. “कशामुळं झालं?” हेही विचारा आणि ते जॉब कार्डावर लिहायला लावा.

आता वॉरंटी म्हणजे काय ते बघू. गाडीसोबत जे पुस्तक मिळतं त्यात मुदत असते, इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते. धंद्याची गाडी जास्त पळते, त्यामुळे आपले किलोमीटर आधी संपतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या कंपनीची वेगळी असते, त्यांची कार्डं वेगळी सांभाळा. सर्व्हिस वेळेवर न करणं, क्षमतेपेक्षा जास्त माल भरणं, मुदतीत बाहेर इंजिन खोलणं, या तीन गोष्टींवर बोट ठेवून कंपनी वॉरंटी नाकारू शकते. आमच्या मिस्त्रीने म्हणूनच गाडीला हात लावला नाही, फक्त प्लेट बघितली. आणखी एक गैरसमज काढून टाका. विमा आणि वॉरंटी एक नाही. नेहमीच्या विम्यात अपघाताचं नुकसान येतं, यंत्रातला बिघाड आणि झीज येत नाही.

वर्कशॉपला गाडी टाकताना जॉब कार्डावर पाच गोष्टी आहेत का बघा: तारीख, किलोमीटरचा आकडा, आपली तक्रार, अंदाजे खर्च आणि गाडी परत देण्याचा दिवस. तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. “जनरल चेकअप” असं लिहिलं तर सही करू नका. “चढाला गाडी ओढत नाही, जळका वास येतो, ही तिसरी वेळ” असं लिहू द्या. ठरलेल्या खर्चाच्या वर काम निघालं तर आधी फोन करा, असंही त्यावर लिहून घ्या. गाडी नेताना पक्कं बिल घ्या, त्यात पार्टचे पैसे वेगळे आणि मजुरी वेगळी हवी. पार्टच्या पाकिटावर छापील किंमत असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर? आधी विक्रेता आणि कंपनी, दोघांना लेखी अर्ज द्या. हातोहात दिला तर प्रतीवर शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. ते कंपनीशी संपर्क करून तडजोडीचा प्रयत्न करतात. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, आपल्या जिल्ह्याचा धाराशिवला.

ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपल्या सोयीची एक मोठी गोष्ट आहे. गाडी पुण्यात घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून तक्रार घरूनही भरता येते. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

इथं कंपनीचा वकील एक मुद्दा हमखास काढतो: गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूत धरत नाही. महाराष्ट्रातल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या उद्योगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे समजावून सांगताना स्वतः रिक्षा चालवणाऱ्याचं उदाहरण दिलं. मदतीला एक-दोन माणसं असली तरी चालतं. पण गाडी सर्वस्वी दुसऱ्याच्याच हातात दिली असेल तर ती सवलत नाही, असंही तिथं म्हटलं आहे. म्हणून नाव आपलं आणि स्टिअरिंग नवऱ्याच्या हाती असेल, तर माल, विक्री आणि हिशेब यातलं आपलं काम तक्रारीत स्पष्ट लिहा. “मी फक्त सही करते” असं म्हणणाऱ्या बाईची बाजू इथं लंगडी पडते.

अपेक्षाही माफक ठेवा. रागाच्या भरात आपण म्हणतो, मला नवी गाडीच पाहिजे. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल, तर तेवढ्यावरून पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. दोष होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आपल्यावर असते. गरज पडली तर आयोग तपासणीला पाठवतो, पण आपल्याकडे जॉब कार्डं आणि बिलं असली तर आपलं म्हणणं उभं राहतं.

शेवटी एक गोष्ट, जिवाशी गाठ असणारी. कधी दोष एकाच गाडीत नसतो, हजारो गाड्यांत असतो. मग कंपनी त्या गाड्या परत बोलावून भाग फुकट बदलून देते. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोष असू शकतो म्हणून ईको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ईको आपल्याकडे प्रवासी वाहतुकीला खूप वापरतात. असा निरोप मोबाईलवर येतो, जाहिरात समजून आपण तो पुसून टाकतो. तसं करू नका. नंबर बदलला असेल तर शोरूमला कळवा आणि गाडीचा चासी नंबर वहीत लिहून ठेवा.

आता त्या ताईचं काय झालं ते सांगते. आम्ही जॉब कार्ड, बिल आणि ती ऑइलने माखलेली प्लेट घेऊन लेखी अर्ज दिला. चार चकरा झाल्या. शेवटी त्यांनी सील वॉरंटीत बदललं, नवी प्लेट फुकट बसवली आणि तिसऱ्या वेळचे पैसे परत केले. पहिल्या दोन वेळचे पैसे मात्र बुडाले. साध्या कागदावरच्या बेरजेवर ना तारीख होती, ना शिक्का, ना गाडीचा नंबर. ती मला म्हणाली, “ताई, गटाची वही मीच लिहिते. गाडीची का लिहिली नाही?”

आता तिच्या टेम्पोत शंभर पानी वही असते. सर्व्हिस, किलोमीटर, बिघाड, खर्च, सगळं त्यात. पुढच्या बैठकीला तुमच्यातल्या ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी वॉरंटीचं पुस्तक आणि असतील तेवढी बिलं घेऊन या. मुदत कधी संपते ते सगळ्या मिळून बघू आणि प्रत्येकीची वही तिथंच सुरू करू.