रोज एकोणीस जलदूत गायब!

कागद-पेन्सिल घेऊनच बसा, पुढचे आकडे तोंडी पेलणारे नाहीत.

साल १९९३. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट राजवटीने १९७५मध्ये हे अख्खं शहर रिकामं केलं होतं. पाणीपुरवठ्याची जाणती माणसं बहुतेक मारली गेली, कागदपत्रं नष्ट झाली. उरलेली यंत्रणा रोज साडेसहा कोटी लिटर पाणी शुद्ध करून जलवाहिन्यांत सोडत होती आणि त्यातलं ७२ टक्के पाणी बिलात कुठेच उगवत नव्हतं. काही फुटक्या वाहिन्यांतून जमिनीत मुरायचं, काही चोरीला जायचं. ७२ टक्के म्हणजे ४ कोटी ६८ लाख लिटर. रोज!

हे पाणी दहा हजार लिटरच्या टँकरांत भरू या. ४,६८० टँकर लागतील. एकेका टँकरला दहा मीटर जागा दिली तर रांग होते जवळपास ४७ किलोमीटरची. दुसऱ्या दिवशीचे टँकर मागे लावा, मग तिसऱ्या दिवशीचे. तीन दिवस आणि वर थोडे तास, की मुंबई ते पुणे टँकरला टँकर भिडला!

विहिरींत मोजायचंय? वीस फूट रुंदीची, बत्तीस-तेहतीस फूट पाणी असलेली विहीर घ्या. तशा १६० विहिरी रोज तळापर्यंत कोरड्या. वर्षाला ५८ हजार! महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला एकेक भरलेली विहीर दिली तरी हजारो उरतील.

आणि आता रेल्वे. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ आपण कुणीच विसरलेलो नाही. पन्नास वाघिणी, एका खेपेत पंचवीस लाख लिटर. नॉम पेन्हमध्ये अशा जवळपास एकोणीस गाड्या रोज गायब होत होत्या. सव्वा तासाला एक! जलदूतने चार महिन्यांत शंभरावर खेपा करून लातूरला पंचवीस कोटींच्या वर लिटर पाणी पोचवलं. नॉम पेन्ह तेवढं पाणी सहा दिवसांत हरवत होतं.

पैशांचं तर विचारूच नका. शंभर लिटरपैकी बिल व्हायचं २८ लिटरचं, आणि झालेल्या बिलांपैकी वसूल व्हायचे ४८ टक्के. गुणाकार करा. रुपयाच्या पाण्यामागे गल्ल्यात येत होते साडेतेरा पैसे!

अशा वेळी पाणीपुरवठा खात्याचे महासंचालक म्हणून आले एक सॉन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव). पेशाने अभियंते, ख्मेर रूजच्या काळात घरच्यांना गमावलेले. त्यांनी कर्मचारी घरोघर धाडले. पाणी मिळणारी कितीतरी घरं यादीत नव्हती, आणि यादीतल्या कित्येकांच्या घरी पाणीच येत नव्हतं. चोरून जोडण्या विकण्यात खात्यातलीच माणसं होती. त्यात सापडलेल्यांना चान यांनी घरी बसवलं, प्रामाणिक राहिलेल्यांचे पगार वाढवले, गळती ठरल्यापेक्षा खाली आणणाऱ्या पथकांना बक्षिसं लावली आणि चोरीची जोडणी कळवणाऱ्या नागरिकालाही इनाम ठेवलं.

मीटर मात्र सगळ्यांना. एका बड्या सेनाधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला चान स्वतः गेले, तर त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावण्यात आलं. ते परतले, सशस्त्र माणसं घेऊन पुन्हा गेले आणि त्या घराचं पाणी तोडलं. थकबाकीदार सरकारी खात्यांनाही माफी नव्हती. माझ्या मते या कथेतला सगळ्यात मोठा आकडा हाच, एक. बड्यांपैकी एकाला सोडलं असतं तर बाकीच्या हजारोंनी बिल का भरावं?

गरिबांसाठी जोडणीच्या खर्चात ३० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत सवलत होती. १९९९मध्ये अशा जोडण्या होत्या शंभराच्या आसपास. दहाएक वर्षांत त्या १७ हजारांवर गेल्या! १९९७मध्ये दरवाढीचे तीन टप्पे आखले होते. वसुली इतकी सुधारली की तिसऱ्याची गरजच पडली नाही.

आता २००९मध्ये या. जोडण्या सुमारे २७ हजारांवरून १ लाख ९१ हजारांवर. सात पट! आणि कर्मचारी? हजार जोडण्यांमागे २२ होते, ते तीनच्या थोडे वर आले. म्हणजे तेव्हाही सहाशेच्या आसपास, आताही सहाशेच्या आसपास. २८० किलोमीटरच्या वाहिन्या दीड हजाराच्या पुढे गेल्या. मुंबईहून टाकत निघालात तर दिल्ली ओलांडाल.

दाब बघा. १९९३मध्ये तो ०.२ बार होता. पाणी दोन मीटर चढणार, म्हणजे पहिला मजलाही नाही. लोक दारात खड्डा खणून पाणी साठवायचे आणि पंपाने ओढायचे, तेही दिवसातले दहाच तास. २००९मध्ये दाब अडीच बार, पाणी चोवीस तास. हा दाब पंपाशिवाय आठव्या मजल्यापर्यंत पाणी चढवू शकतो!

गळती आणि चोरी मिळून उरली ६ टक्के. वसुली ९९.९ टक्के, हजार रुपयांच्या बिलात एक रुपया कमी. रुपयातले साडेतेरा पैसे आता चौऱ्याण्णव झाले!

आणि पाणी? फ्रान्स, जपान, आशियाई विकास बँक, जागतिक बँक यांच्या मदतीने शुद्धीकरणाची क्षमता गेली रोज तीस कोटी लिटरवर. साडेचार पट. पण हिशेबात उतरून घराघरांत पोचणारं पाणी १ कोटी ८२ लाखांवरून २८ कोटी २० लाख लिटरवर जाऊ शकलं. साडेपंधरा पट! १९९३मध्ये एका दिवसात पोचणाऱ्या या पाण्याच्या टँकरांची रांग मुंबईत सीएसएमटीपासून लावली तर घाटकोपरच्या अलीकडेच संपते. २००९ची रांग पुण्याला पोचून वळते आणि जवळपास मुंबईत परत येते.

शेवटचा भागाकार. ७२ टक्के तसेच वाया जात राहिले असते, तर २८ कोटी २० लाख लिटर लोकांपर्यंत पोचवायला रोज किती पाणी शुद्ध करावं लागलं असतं? शंभर कोटी लिटर! प्रत्यक्षात लागले तीस. वाचले सत्तर कोटी. म्हणजे दिवसाला २८० जलदूत, रात्रंदिवस दर पाच मिनिटांना पन्नास वाघिणींची एक गाडी! तेवढं पाणी नदीतून उपसणारी, गाळणारी आणि शहरभर ढकलणारी केंद्रं नॉम पेन्हला बांधावीच लागली नाहीत. ती वाचवली मीटर लावणाऱ्या, बिल वाटणाऱ्या आणि रात्री-अपरात्री गळती शोधत फिरणाऱ्या त्या सहाशे माणसांनी.