बुडणारं मूल हाक मारत नाही

अलिबागजवळच्या भाड्याच्या बंगल्यात आम्ही अकरा मोठी माणसं पूलच्या काठावर बसलो होतो. भजी आली होती, फोटो चालले होते. माझा चार वर्षांचा भाचा पायरीवरून पुढे सरकला. मी त्याच्याकडे बघतही होतो. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेशी उघडमीट करणारं, केस कपाळावर चिकटलेले. हाक नाही, शिंतोडे नाहीत. मला वाटलं, खेळतोय. ताईने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली, म्हणून तो आज सहावीत आहे.

‘बुडणारा ओरडतो, हात हलवतो’ हा सगळ्यांत घातक गैरसमज. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या चित्रीकरणाचा अभ्यास केला. तोंड पाण्यावर येतं ते क्षणभरच. तेवढ्यात श्वास घ्यायचा की ओरडायचं? शरीर श्वासच घेतं. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते उंचावणं त्या वेळी जमतच नाही. हे सगळं साधारण 20 ते 60 सेकंदांत आटोपतं.

‘इतकी माणसं आहेत, कोणीतरी बघेलच.’ त्या दिवशी आम्ही अकरा जण हेच धरून चाललो होतो. नजर ठेवायचं काम एका वेळी एकाच माणसाकडे हवं. नाव घेऊन पाळी लावायची, तेवढा वेळ फोन नाही, दारू नाही. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर हवं. पोहणं शिकवल्याने धोका कमी होतो, पण तेवढ्यावर मुलाला एकटं सोडता येत नाही. हवेच्या बाह्या आणि ट्यूब ही तर खेळणीच. हवा जाते, बाही निसटते, ट्यूब उलटली की डोकं पाण्याखाली.

‘पोहायच्या वेळी लक्ष दिलं की झालं’ हेही खरं नाही. कितीतरी लहानगी पोहण्याची वेळ नसताना, घरात आहेत असं समजलं जात असताना पाण्यापर्यंत पोहोचतात. आपल्याकडच्या बंगल्यांत हॉलचं सरकतं दार थेट पूलवर उघडतं, आणि जाहिरात त्याचीच होते. आवाराची भिंत बाहेरच्यांना अडवते, घरातल्या मुलाला नाही. कुंपण पूलच्या चारही बाजूंनी हवं, घराच्या बाजूनेही. उंची किमान 4 फूट, फटी 4 इंचांहून कमी, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप लागणारं, कडी मुलाच्या हाताला न येणारी. पाण्यावर चेंडू तरंगत ठेवू नये, मूल त्याच्यासाठी वाकतं. पाण्यावर नुसतं पसरलेलं प्लास्टिकचं आच्छादन म्हणजे संरक्षण नव्हे. मूल त्याखाली गेलं तर दिसणारही नाही.

आणि पोटातलं पाणी काढणं. मुलाला उलटं धरून गरगर फिरवतात, पोट दाबतात. हे अजूनही सर्रास चालतं, अगदी शिकलेल्या घरांतही. त्याने पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि मोलाचा वेळ जातो तो वेगळाच. बुडालेल्याला हवा असतो प्राणवायू. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवा, डोकं किंचित मागे करून हनुवटी उचला आणि आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. तरीही मूल प्रतिसाद देत नसेल, तर छातीच्या मध्यभागी 30 दाब, 2 श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन लावावा. मूल शुद्धीवर आलं तरी त्याला दवाखान्यात दाखवाच. खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर क्षणभरही थांबू नका.

ताईने त्या प्रसंगानंतर एका शनिवारी कृत्रिम श्वास देण्याचं प्रशिक्षण घेतलं, मलाही ओढून नेलं. भाच्याची त्या दिवशीची निळी चड्डी तिने टाकून दिली. निळ्या फरशीवर निळा कपडा दिसत नाही. हल्ली तो भडक नारिंगी घालतो.