थांबण्याचा खेळ

मी बदलापूरची. नोकरीची वर्षं लोकलच्या लेडीज डब्यात उभ्यानं काढली. त्यामुळे निवृत्तीनंतर मी कॉम्प्युटरवर गाडी चालवायला बसले, तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, ''अजून हौस फिटली नाही?'' प्रश्न रास्त होता. या खेळात गोळीबार नाही, शर्यत नाही, स्टिअरिंगसुद्धा नाही. मग लोक तासन्‌तास करतात काय?

थांबतात.

मी खेळते तो सिम्युलेटर जपानचा. तिथल्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं २०२२ मध्ये तो सर्वांसाठी विक्रीला आणला. त्यामागचा माणूस मजेशीर आहे. मिनोरू मुकाइया मूळचे कॅसिओपिया या जॅझ-फ्यूजन बँडचे कीबोर्डवादक. गाडी सुटण्यापूर्वी स्टेशनांवर वाजणाऱ्या धुनाही ते रचतात आणि १९९५ पासून त्यांची कंपनी असे खेळ काढते आहे. पडद्यावर दिसतं ते चालकाच्या काचेतून केलेलं खरं चित्रण. तुमचा वेग जसा, तसं ते पुढे सरकतं. म्हणून फलाटात शिरताना गाडी मंदावली की फलाटावरची माणसंही मंदावतात, आणि गाडी थांबली की एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजतात. ठाण्याला संध्याकाळी असं झालं, तर चढायला किती सोपं जाईल!

ओमिया ते मिनामी-उरावा हा माझा आवडता टप्पा. हातात एकच दांडा. अंगाकडे ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक; चालक भोवळ येऊन पुढे कोसळला, तरी दांडा ब्रेककडेच जाणार. वेग घेणं कुणालाही जमतं. पोलादी रुळावर पोलादी चाक, घर्षण अगदी थोडं. एकदा गती आली की दांडा मध्ये आणून ठेवायचा, गाडी पुष्कळ अंतर नुसती घरंगळत जाते. पण ज्या गुणामुळे ती अशी पळते, त्याच गुणामुळे ती थांबत नाही. फलाट दिसल्यावर ब्रेक मारू म्हणाल, तर फलाट मागे पडतो.

आधी जोरात ब्रेक लावायचा, मग पायरी-पायरीनं सोडत यायचं आणि चाक थांबण्याच्या क्षणी अगदी हलका ठेवायचा. शेवटपर्यंत करकचून धरला, तर थांबताना झटका बसतो. तो झटका माझ्या गुडघ्यांना पाठ आहे. खांद्याला पर्स, एका हातात डबा, आणि दुसरा हात कडीपर्यंत पोहोचत नाही... त्या सगळ्या बायका माझ्या मागे उभ्या आहेत असं धरून मी गाडी थांबवते. तायतो कंपनीच्या १९९६ च्या 'देन्शा दे गो' या आर्केड खेळातही परीक्षा हीच होती : गाडी वेळेवर आणि खुणेवर थांबवा. मोटरमनचं खरं काम याहून फार अवघड. माझ्या रुळांवर कुणी उतरत नाही.

भाच्यानं मला ओपन रेल्स बसवून दिलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००१ मधल्या ट्रेन सिम्युलेटरसाठी बनलेले मार्ग या मोफत प्रोग्रॅममध्ये चालतात, आणि आपल्याकडच्या हौशी मंडळींनी त्यासाठी भारतीय इंजिनं नि मार्ग तयार केले आहेत. इथं मालगाडी उताराला लागली की गाठ हवेशी. ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब असतो. तो कमी केला की ब्रेक लागतात. सोडून लगेच पुन्हा लावायला जावं, तर डब्यांखालच्या टाक्या अजून भरलेल्या नसतात आणि ब्रेक लेचापेचा लागतो. मागे लोटणारं वजन मात्र तेवढंच. घाम फुटतो हो, घरी खुर्चीत बसून.

बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. चढताना कर्जतला मागे जादा इंजिनं लागतात, ती सगळ्यांना दिसतात. उतरताना गाडी मंकी हिलला, ठाकूरवाडीला थांबते, ती ब्रेक ताब्यात असल्याची खात्री करायला. परवा पुण्याहून येताना शेजारचे गृहस्थ ''ही कशाला थांबली मध्येच?'' म्हणून करवादले. मी त्यांना नळीतल्या दाबापासून सुरुवात करून दिली. कर्जत येईपर्यंत माझं निम्मंच झालं होतं.