पेठेतली पंगत आणि पेठेतले गाणे

कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली हा उत्सव सुरू केला. त्यास आता दीडशे वर्षे उलटून गेली. उंच लाकडी रथ, तो ओढणारे शेकडो हात, आणि चाकाखाली मोगरी सारून तो अवजड डोलारा हवा तेथे वळविणारी, थांबविणारी जाणती माणसे, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. वाटेत भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो आणि समाधीवर चादर चढविली जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून या सर्वांची छायाचित्रे येतात. ती यावीतच. परंतु रथाच्या वाटेवरील घरांचे ओटे त्या छायाचित्रांत नसतात. त्या ओट्यांवर परगावाहून आलेल्या लेकी बसलेल्या असतात, उपासाच्या फराळाची ताटे फिरत असतात, आणि रथ येईपर्यंतचा वेळ कोणी म्हातारी गाण्यात घालवीत असते. खाणे आणि गाणे ही दोन वेगळी खाती आहेत, असे त्या ओट्यावर कोणाच्या मनातही येत नाही.

शहराचा सांस्कृतिक लौकिक मोजताना आपण नाट्यगृहांची, संमेलनांची आणि पुतळ्यांची गणना करतो. त्या हिशेबात खान्देश मागे नाही. नारायण राजहंस या मुलाला गाण्याचे पहिले धडे जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे मिळाले. पुढे हाच मुलगा बालगंधर्व झाला. आज त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह शहरात आहे आणि जानेवारीत त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या कोवळ्या वयाच्या मुलास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. अखिल भारतीय साहित्य संमेलन जळगावात १९३६ आणि १९८४ साली, धुळ्यात १९४४ साली आणि अमळनेरात १९५२ व २०२४ साली भरले. ही यादी स्वागताध्यक्षांच्या भाषणात फार शोभून दिसते. तथापि मंडपात येऊन बसणारा श्रोता तयार कोठे होतो, हा प्रश्न तिच्यातून सुटत नाही. माझ्या मते तो गल्लीत तयार होतो, आणि बहुधा जेवणाच्या निमित्तानेच तयार होतो.

खान्देशातील स्वयंपाक हा मुळी एकट्या-दुकट्याचा नव्हेच. चैत्र-वैशाखात बिबडे घालायचे म्हणजे पहाटेपासून शेजारच्या चार-सहा बायका जमणार; ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजणार, वाटीभर घाट्यावर तेल घालून तो मुलांच्या हाती पडणार, आणि बाजांवर, धोतरांवर बिबडे पसरेपर्यंत गप्पा व गाणी चालणार. हिवाळ्यातील भरिताचीही तीच तऱ्हा. हिरवी लांबट वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडाच्या कोरीव भांड्यात दांडक्याने ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून तेलात परतायची. हे काम दोन माणसांच्या भरितासाठी कोणी काढीत नाही. ते मळ्यात वा अंगणात, वीस-पंचवीस माणसांसाठीच निघते. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी असली म्हणजे दुसऱ्या पक्वान्नाची आठवण होत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वांग्याला मानांकन मिळाले, हे ठीकच झाले. त्या जाळाभोवतीच्या बैठकीला ते कोण देणार?

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली घरोघर हिंडत. गाणी संपली की खिरापतीचा झाकलेला डबा पुढे यायचा. तो कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचे. आवाज कोरडा आला तर चणे-फुटाणे, दबका आला तर वडी किंवा शिरा. गाण्याचा शेवट खाण्यात आणि खाण्याची सुरुवात तर्कात, असा हा चतुर खेळ आहे. अलीकडे जळगावात भुलाबाईचे महोत्सव भरतात, मुली नटूनथटून रंगमंचावर गातात. ही उत्तम गोष्ट आहे. त्यामुळे शेकडो मुलींच्या तोंडी ती गाणी पुन्हा आली. फरक इतकाच की परीक्षकांना गुण गाण्याला द्यायचे असतात, डब्याला नव्हेत.

येथून धुळ्याकडे वळू. धुळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज यांनी वसविलेली ही पेठ सरळ रेषेत आखलेली. गल्ल्यांना नावे नव्हेत, तर क्रमांक. आजही जुना धुळेकर पत्ता सांगताना गल्लीचा नंबरच सांगतो. इतक्या काटेकोर, कचेरीच्या वळणाच्या गल्ल्यांत नाचगाण्याला जागा कोठून असणार, असे परक्याला वाटेल. त्याने नागपंचमीनंतरच्या रविवारी तेथे जावे. त्या दिवशी घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवितात. घरातील माणसे मोजून मुठीने धान्य घ्यायचे, ते दळायचे, त्याचे ‘रोट’ करायचे आणि भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. खापरावरची पुरणपोळी, रशी, गंगाफळाची भाजी असा बेत असतो. रात्रभर अहिराणीत गाणी चालतात आणि सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन बाया पांझरेकडे निघतात. सुरतेला, मुंबईला, पुण्याला पोटासाठी गेलेली माणसे दिवाळीला एखादे वेळी येणार नाहीत, परंतु रोटांना येतात. कुटुंबाची गणना मुठीमुठीने होत असल्यामुळे न येणारा लगेच कळून येतो.

आता या सगळ्याचे रूप पालटत आहे. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या सांध्यावर वसलेले शहर, आणि जळगावही त्यांतील दुसऱ्या मार्गावरच आहे. साहजिकच जेवणाचा केंद्रबिंदू अंगणातून महामार्गाकडे सरकला. ढाब्यावरची तिखटजाळ शेवभाजी हे आज खान्देशाचे ओळखपत्र झाले आहे. जळगावात भरीत तयार करून किलोवर विकणारी केंद्रे गजबजलेली असतात. बिबडे बचत गटाच्या पिशवीतून येतात. या पदार्थांना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. केंद्रातले भरीत चवीला चांगलेच असते आणि त्यावर अनेक घरे चालतात. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जाते गेले, हे चांगले झाले. पहाटे चारला उठून पायली-पायली दळणाऱ्या बाईची ओवी आपल्याला गोड लागते. तिच्या खांद्याला ती कितपत गोड लागत होती, हे तिलाच ठाऊक. जुन्या कष्टांचे गोडवे गाणारे लेखक बहुधा पाटावर बसून जेवणारांपैकी असतात, याचा विसर पडू नये.

परंतु कष्ट गेले म्हणून त्या कष्टांत जन्मलेले शब्दही जावेत, असे थोडेच आहे? दळण गिरणीत गेले, भरीत केंद्रात गेले, पंगत मंगल कार्यालयात गेली. या प्रत्येक स्थलांतरात पदार्थ सोबत गेला, गाणे मात्र मागे राहिले. मागे राहिले म्हणजे साठी-सत्तरी उलटलेल्या बायकांच्या स्मरणात राहिले. मिरवणुकीत आता ध्वनिवर्धकांच्या भिंती असतात. अहिराणी गाण्यांच्या नव्या ध्वनिचित्रफिती लाखो लोक पाहतात. बोली जिवंत असल्याची ती खूणच होय. पण त्या दणदणाटात आजीच्या कानबाईच्या गाण्याचे दुसरे कडवे कोणाला ऐकू येते? आणि तिसरे तर तिच्याखेरीज कोणाला येतही नाही.

खान्देशाला हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तरही येथे पूर्वी सापडले आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी धुळ्यातच देह ठेवला आणि पुढल्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे जमविली, ती धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आहेत. कागद जतन करण्यात धुळ्याने अशी शर्थ केली. पण याच धुळ्यात, तुरुंगाच्या भिंतींआड, कागदावर नसलेली गोष्टही जतन झाली. १९३२ साली दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. अशी अठरा प्रवचने झाली. गुरुजी नसते तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या बराकीतल्या श्रोत्यांच्या आठवणीपुरतेच उरले असते. त्याआधी १९२४ ते १९३० ही वर्षे गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह करणारेही तेच. यासाठी त्यांच्यापाशी वही, लेखणी आणि ऐकण्याची सवय यांपलीकडे कोणते साधन होते?

याहूनही बोलके उदाहरण जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्याचे आहे. १९३६ साली माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन जळगावात भरले, तेव्हा बहिणाबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि त्याच शहरात राहत होत्या. शेतात राबत होत्या, घरात दळीत होत्या, आणि दळता दळता रचीत होत्या. लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचा काव्यसंग्रह निघण्यास अजून सोळा वर्षे होती. मराठी कवितेच्या भवितव्याची चर्चा मंडपात चालू असता मराठीतील एक श्रेष्ठ कवयित्री तेथून हाकेच्या अंतरावर बसली होती, आणि मंडपाला त्याचा पत्ता नव्हता. यात संमेलनाला दोष देण्याचा हेतू नाही. आज तरी आपल्याला आपल्या गल्लीतील किती जणींचा पत्ता आहे? बहिणाबाईंची काही गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या नावापर्यंतचा हा सारा प्रवास घरातल्या दोघांनी वेळेवर केलेल्या टिपणांवर उभा आहे. आणि जे टिपले गेले नाही, ते किती होते, हे कधीच कळणार नाही.

(ओघात एक सांगावेसे वाटते. बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी म्हणून सांगितली जाते. शाळांतूनही तसे ऐकू येते. ती लेवा पाटीदार समाजाची बोली आहे. धुळ्याकडची अहिराणी निराळी. बोलीचे नाव चुकले की तिच्या शब्दांचे अर्थही चुकीच्या ठिकाणी शोधले जातात.)

येथे स्वतःची एक चूक कबूल करतो. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. कानबाईची, लग्नातल्या हळदीची, आखाजीच्या झोक्याची, अशी किती गाणी त्यांना येत होती याची मोजदाद नव्हती. रोटांच्या रात्री त्यांनी सुरुवात केल्याखेरीज दुसरी कोणी तोंड उघडीत नसे. त्यांच्याजवळ बसून सर्व लिहून घ्यावे, असे मी दोन वर्षे म्हणत होतो. एकदा वही घेऊन गेलोही. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, असं कोरड्या तोंडानं गाणं येत नाही. श्रावणात ये, रोट करताना म्हणेन.’’ त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. हात कणकेत असल्याशिवाय त्यांना पुढची ओळ आठवत नसे. श्रावण आला तेव्हा त्या नव्हत्या. त्यांच्या सुनेला चाली येतात; शब्द अर्धेमुर्धे येतात, आणि अडले की ती हसून ‘‘पुढचं आत्यांना येत होतं’’ असे म्हणते. माझी वही अजून कोरी आहे.

त्या आजींच्या बोलण्यात कामाची पद्धतच सांगितलेली आहे. हे गाणे सभागृहात बोलावून मिळायचे नाही. ते स्वयंपाकघरात, अंगणात, पदार्थाच्या संगतीतच मिळेल. म्हणून ते काम बाहेरून येणाऱ्या संशोधकापेक्षा त्याच गल्लीतल्या विद्यार्थ्याला अधिक चांगले साधेल. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला आहे, तेव्हा अडलेला शब्द पाहण्याची सोय आहे. प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. साने गुरुजींना ते नव्हते. मात्र केवळ आवाज साठवून भागत नाही. कोणी म्हटले, तिचे माहेर कोणते, हे गाणे कोणत्या कामाच्या वेळचे, त्या दिवशी चुलीवर काय होते, आणि तिला ते कोणाकडून आले, एवढ्या चार-पाच गोष्टी गाण्याखाली लिहिल्या नाहीत तर पन्नास वर्षांनी त्या आवाजाचा अर्थ लावणे अवघड होईल. शब्द ‘शुद्ध’ करण्याचा मोह मात्र शिक्षकांनी आवरावा. शाळांनी प्रकल्प म्हणून भलभलत्या विषयांची कात्रणे चिकटवून घेण्याऐवजी एका वर्षी एवढेच करून पाहावे. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ पासून आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे. अशा वह्यांसाठी तेथे एखादे कपाट मागितल्यास ती मागणी अवास्तव ठरणार नाही.

कामाचा मुहूर्तही शोधावा लागणार नाही. कानबाई रविवारी बसते. शाळा आणि कचेऱ्या त्या दिवशी बंदच असतात.