कवठाची चटणी विकताय? आधी लेबल तपासा



महाशिवरात्र जवळ आली की बाजारात कवठं दिसायला लागतात आणि गृहउद्योग करणाऱ्या ताईंचा प्रश्न ठरलेला, "सर, चटणीच्या बरणीवर पौष्टिक म्हणून काय लिहू?" कवठाचा गर, गूळ, लाल तिखट, जिरं, मीठ ही कृती तुम्हाला येतेच. आज फक्त लेबलाचं बोलू.

बहुतेकजण पटकन लिहितात, "व्हिटॅमिन सी भरपूर". का? तर चव आंबट! पण आंबटपणा फळातल्या आम्लांमुळे येतो आणि प्रत्येक आम्ल म्हणजे व्हिटॅमिन सी नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम कवठाला व्हिटॅमिन सी आहे जेमतेम 3 मिलिग्रॅम. पेरूत तेच 200 च्या वर जातं.

मग कवठात आहे काय? त्याच तक्त्यानुसार 100 ग्रॅमला सुमारे 5 ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, आणि 130 मिलिग्रॅम कॅल्शियम. चांगलंच आहे की!

पण थांबा. हे आकडे फळाचे आहेत, तुमच्या चटणीचे नाहीत. अर्धा किलो गरात अर्धा किलो गूळ घातला की फायबर निम्म्यावर, 100 ग्रॅमला अडीच ग्रॅम. एफएसएसएआयच्या नियमानुसार 'फायबरचा स्रोत' म्हणायला घट्ट पदार्थात 100 ग्रॅमला किमान 3 ग्रॅम हवेत. म्हणजे तोही दावा गेला. गूळ कमी करून बघता येईल, पण मग चटणी टिकतेही कमी. दावा करायचाच असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

आणखी एक. 15 ग्रॅमच्या चमचाभर चटणीत सात ग्रॅमच्या आसपास गूळच आहे. "साखर नाही, गूळ आहे" म्हणून मधुमेहींच्या गळ्यात मारू नका. गुळानेही रक्तातली साखर वाढतेच.

मग लिहायचं काय? जे खरं आहे ते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, तुमचा 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक. रंग घातला नसेल तर तसं लिहा.

आजचं काम: बरणी हातात घ्या, लेबलवरचं एकेक वाक्य वाचा आणि स्वतःला विचारा, "गिऱ्हाईकाने पुरावा मागितला तर देता येईल?" नसेल, तर पुढच्या छपाईआधी ते वाक्य काढा.