ग्रंथपालांना वर्गात तास द्या!

चिंचणीला सापडलेल्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात संजाणचा कारभार मधुमती हा अरब अधिकारी पाहत होता, अशी नोंद आहे. 'एपिग्राफिया इंडिका'त ते छापले आहे. पण याच गावातल्या पदवीच्या पोराला तो खंड सूचीत कसा शोधावा, दोन पुरावे कसे ताडावेत, संदर्भ कसा नोंदवावा, हे शिकवतो कोण? नव्या धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधन आणले. शिकलेल्या घरातली मुले हे घरी विचारतील. आमच्या पहिल्या पिढीने कुणाला विचारावे? बाबासाहेबांचा १९२३ चा रुपयावरील प्रबंध लंडनच्या ग्रंथालयांत बसूनच उभा राहिला. पुरावा तपासता येणारी पिढीच खोटा इतिहास नाकारेल. म्हणून आमची मागणी आहे : पहिल्या वर्षापासून ग्रंथपालांना वर्गात तास द्या!